कळसूबाईला ग्रुपसोबत जाताय? उतरणीची तयारी आधी करा

कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. बारी गावातून वर जाणारी वाट इतकी मळलेली आहे, की थंडीतल्या शनिवार-रविवारी मुंबई, पुणे आणि नाशिकच्या बसगाड्यांची पायथ्याला रांग लागते. येणाऱ्यांपैकी अनेकांचा हा आयुष्यातला पहिला ट्रेक असतो. लीडर सोबत आहे, गाडी ठरलेली आहे, नाष्टा-जेवण पैशांत धरलेलं आहे, तेव्हा आपण फक्त चालायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण लीडर वाट दाखवतो, वेळ सांभाळतो, अडचणीत हात देतो. पाय, पाणी आणि बूट मात्र ज्याचे त्यालाच सांभाळावे लागतात.

बारीहून माथ्यापर्यंतचा चढ सुमारे ८२० मीटरचा आणि वाट एका बाजूने साधारण साडेसहा किलोमीटरची. चढायला तीन ते चार तास, उतरायला अडीच ते तीन. हे आकडे ऐकून लोक चढाची धास्ती घेतात. मी बघत आलोय ते उलट आहे. चढताना दम लागतो, माणूस थांबतो, दोन घोट पाणी पितो, पुन्हा चालू लागतो. माथा बहुतेक सगळे गाठतात. रडकुंडीला येतात ते उतरताना. पाणी संपत आलेलं, ऊन डोक्यावर, मांड्या थरथरतायत, पायाची बोटं बुटाच्या टोकाला आपटतायत आणि पुढे अजून एक शिडी. म्हणून पुढचा सगळा हिशेब उतरणीपासून मांडलाय: उतरायला सुरुवात कराल तेव्हा अंगात ताकद, बाटलीत पाणी आणि हातात उजेडाचे तास शिल्लक राहिले पाहिजेत.

कोणत्या महिन्यात जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. हवा कोरडी असते, वाट घट्ट असते, लांबवरचं दिसतं. पहाटे थंडी बोचते आणि माथ्यावर वारा जोरात असतो, पण एका विंडचीटरने त्याचं भागतं.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हा सगळा भाग देखणा असतो हे खरं. पण माथ्यावर धुक्यापलीकडे बहुधा काही दिसत नाही, खालच्या टप्प्यातली माती साबणासारखी होते आणि शिड्यांचे गज ओले असतात. ज्यांनी आधी पावसात दोन-चार छोटे गड केलेत त्यांनी जरूर जावं. नवख्यांनी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरपर्यंत थांबावं. तेव्हा उतारांवर सोनकी फुललेली असते आणि पाऊस ओसरलेला असतो. नवरात्रात मात्र गर्दीची तयारी ठेवा. कळसूबाई ही पंचक्रोशीची देवी आहे आणि त्या दिवसांत पायथ्याच्या गावांतले भाविक दर्शनाला वर जातात. वाट आधी त्यांची आहे, हे लक्षात ठेवून बाजूला व्हावं.

मार्चपासून पुढे दिवसा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाटेवर सावली फार थोडी आहे आणि वरच्या विहिरीवर उन्हाळ्यात विसंबून चालत नाही. उन्हाळ्यात बरेच ग्रुप रात्री चढून सूर्योदय बघतात आणि ऊन तापायच्या आत उतरतात. ते ठीक आहे, पण रात्रभर प्रवास आणि मग जागरणात चढ, हे शरीराला दिवसाच्या ट्रेकपेक्षा जड जातं. मे-जूनमधल्या वळिवात आणि परतीच्या पावसात दुपारी विजा होतात. लोखंडी शिडी आणि उघडा माथा या दोन्ही जागी विजेच्या वेळी थांबायचं नसतं, त्यामुळे आभाळ गडगडू लागलं तर माथा सोडून द्यायची मनाची तयारी घरूनच करून निघा.

जमत असेल तर रविवार टाळा. शिडीखाली रांगेत उभं राहण्यात जो वेळ जातो तो थेट तुमच्या उतरणीच्या वेळातून कापला जातो.

आयोजकाला काय विचारायचं

जाहिरातीतले फोटो सगळ्यांचे सारखेच असतात. फोन करून बोला. २०२१ साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न. मग बॅच किती जणांची आणि लीडर किती, हे विचारा. दहा-बारा जणांमागे एक लीडर असेल तर ठीक. पन्नास जणांमागे दोघं असतील तर तुम्ही खरं म्हणजे एकटेच चाललेले असता.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: सगळ्यांत मागे कोण चालतं? चांगल्या ग्रुपमध्ये एक अनुभवी लीडर कायम शेवटच्या माणसाच्या मागे असतो आणि तो कुणालाही ओलांडून पुढे जात नाही. या प्रश्नाला चटकन, नाव घेऊन उत्तर आलं तर आयोजकाला कामाची जाण आहे असं समजा. लीडरने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, प्रथमोपचार पेटी किती, परतीला निघायची वेळ कोणती ठरलीये आणि त्या वेळेला माथा गाठला नसेल तर काय करतात, हेही विचारून घ्या. 'सगळ्यांना माथ्यावर नेतोच' हे उत्तर मला आवडत नाही. 'अमुक वाजता जिथे असू तिथून वळतो' हे आवडतं.

आणि ड्रायव्हरबद्दल विचारा. रात्री गाडी चालवून आलेला माणूस तुम्ही चढत असताना नीट झोपतो का, त्याला झोपायला जागा असते का? परतीच्या वाटेवर घाट आहे आणि गाडीतले सगळे गाढ झोपलेले असतात. ट्रेकमधला हा धोका कुणी मोजतच नाही.

सहा आठवडे पायांना द्या

रोज पाऊण तास झपाझप चालणं हा पाया. त्यावर आठवड्यातून दोनदा जिने. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर कळसूबाईचा चढ म्हणजे सुमारे २७० मजले. एवढे एका दिवशी चढायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस मजल्यांनी सुरुवात करून शेवटी शंभराच्या आसपास पोचलात तरी पुरे. फक्त एक नियम पाळा: लिफ्टने खाली यायचं नाही. चढून लिफ्टने उतरणारे लोक नेमका हवा तो व्यायाम सोडतात.

त्याचं कारण साधं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, म्हणजे ब्रेक लावायचं काम करतो. हे काम सवयीचं नसेल तर तो लवकर थकतो आणि मग सगळा भार गुडघ्यावर येतो. यासाठी घरात करता येईल असा व्यायाम असा. जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर उभे राहा, कठड्याला नुसता हात लावून. उजव्या पायावर भार ठेवून डावी टाच हळूहळू, मनात तीन आकडे मोजत, खाली जमिनीला टेकवा आणि तितकीच सावकाश वर घ्या. गुडघा आत वळू देऊ नका, तो बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे. एका पायावर दहा, मग दुसऱ्यावर दहा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीला सॅक लावून करा. दिसायला क्षुल्लक आहे, पण महिन्याभराने सोसायटीचा जिना उतरतानासुद्धा फरक कळतो.

निघायच्या दोन आठवडे आधी एक खरा डोंगर करा. पुणेकरांना आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड आहेच, तिथे साधारण ६०० मीटरचा चढ मिळतो. नाशिककरांना रामशेज किंवा त्याहून दमवणारं हवं असेल तर अंजनेरी. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चालत जाऊन वरच्या पायऱ्या करता येतात. ज्या बुटात, ज्या सॅकसह कळसूबाईला जाणार तोच सगळा जामानिमा घालून जा. शेवटचे तीन दिवस मात्र आराम. त्या आठवड्यात जोर लावून काही पदरात पडत नाही, पाय तेवढे जड होतात.

बूट, मोजे आणि नखं

बुटाच्या तळव्याला खोल खाचा हव्यात आणि बूट किमान तीन-चार आठवडे वापरलेला हवा. नवा कोरा बूट पहिल्यांदा कळसूबाईला घालू नये. खूप वर्षं माळ्यावर पडून असलेलाही नको. त्याच्या तळव्याचा डिंक सुकलेला असतो आणि तळवा बरोबर अर्ध्या वाटेत सुटतो. घरी दोन्ही हातांनी बूट वाकवून, टोकाशी ओढून बघा. बूट घेताना संध्याकाळी घ्या, जाड मोजा घालून घ्या आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सुटलीये ना ते बघा. उतरताना पाय पुढे सरकतो, त्याला ती जागा लागते.

पायाची नखं आदल्या दिवशी नाही, तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा. वाढलेली नखं उतारावर बुटाला आपटून काळीनिळी पडतात आणि अगदी मुळापासून काढली तर तीच बोटं ठणकतात. मोजे सुती नकोत. सुती मोजा घामाने भिजतो, तसाच राहतो आणि फोड आणतो. एक जोड सॅकमध्ये जास्तीचा ठेवा.

कपडेही तसेच. जीन्स नको. पटकन सुकणारी ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, टोपी. मुलींनी आणि बायकांनी ओढणी किंवा लोंबणारं काही शिडीवर अडकणार नाही असं बघावं. हाच नियम सॅकच्या लोंबत्या पट्ट्यांनाही.

सॅक भरताना

वीस ते तीस लिटरची, दोन्ही खांद्यांवर बसणारी सॅक. एका खांद्याची झोळी, हातातली पिशवी, काखेतली पाण्याची बाटली, यातलं काहीही शिडीवर चालत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत.

पाणी तीन लिटर, एका मोठ्या कॅनमध्ये नव्हे तर तीन बाटल्यांत. म्हणजे किती उरलं ते दिसतं. यातली एक बाटली उतरणीची. तिला माथ्यापर्यंत हात लावायचा नाही. वाटेत बारीतल्या लोकांच्या टपऱ्या असतात, लिंबू सरबत, काकडी, चहा, भजी मिळतात, पण तुमचा ट्रेक आडवारी असेल तर सगळ्या उघड्या असतीलच असं नाही. टपरीवर बाटलीची किंमत जास्त वाटली तर घासाघीस करू नका. ती बाटली गावातली कुणी बाई डोक्यावर खोकं घेऊन भल्या पहाटे तुमच्या आधी वर चढवून आलेली असते.

हेडटॉर्च घ्याच. सकाळी निघून संध्याकाळी परतायचं असलं तरी घ्या, कारण हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो आणि मोबाइलच्या उजेडात शिडी उतरायची म्हणजे एक हात कायमचा गुंतला. वाऱ्यासाठी विंडचीटर, पावसाळ्यात रेनकोट आणि सगळं सामान आत गुंडाळायला एक मोठी प्लास्टिक पिशवी. स्वतःची नेहमीची औषधं, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, इलेक्ट्रलच्या दोन पुड्या. ओळखपत्र, थोडे सुट्टे पैसे, पॉवर बँक. डोंगरात रेंज भरवशाची नसते, तेव्हा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. कचऱ्यासाठी एक पिशवी. सॅनिटरी पॅडसाठी वेगळी, झाकण बंद होणारी. वर कुठेही कचरापेटी शोधू नका, जे नेलं ते परत आणायचं.

ट्रेकिंग काठी उतरणीला फार कामाची आहे, पण घडी होणारी असेल तरच. शिडी आली की ती घडी करून सॅकच्या आत गेली पाहिजे.

खाणं

दिवसभर थोडंथोडं खायचं, एकदम पोट भरायचं नाही. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर हे खिशात ठेवा, म्हणजे सॅक न उतरवता तोंडात टाकता येतं. दुपारसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा पोळीचा रोल आणि सुकी चटणी. यातलं काहीच विटत नाही. फरसाण आणि वेफर्सनी तहान वाढते, त्यांना घरी ठेवा.

दर तास-सव्वा तासाला थोडं खा, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. इलेक्ट्रल नसेल तर घरीच करून घ्या: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. अर्धा लिटर माथ्याच्या आधी, अर्धा उतरताना.

तब्येतीचं लपवू नका

नोंदणीच्या अर्जात 'काही आजार आहे का' या रकान्यात बहुतेक लोक 'नाही' लिहून मोकळे होतात. दमा, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा काही त्रास, फिट, जुनी गुडघ्याची दुखापत, गरोदरपण, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी, हे लीडरला सांगितलंच पाहिजे. सांगितलं म्हणून कुणी घरी पाठवत नाही. फार तर तुम्हाला सावकाश चालणाऱ्यांत ठेवतील आणि ते तुमच्याच भल्याचं असतं. चाळिशीपुढचे आणि बरीच वर्षं व्यायाम नसलेले यांनी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं. इनहेलर सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवा आणि तो कुठे आहे हे शेजारच्याला माहीत हवं.

उंचीच्या भीतीने काहीजण गोळ्या घेऊन येतात. विरळ हवेचा त्रास सर्वसाधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाईवर दम लागतो तो चढामुळे. वेग कमी केला की तो बसतो. पण वेग कमी करूनही छातीत दुखत असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, घाम फुटत असेल तर तिथेच बसा आणि लीडरला हाक मारा.

आदली रात्र आणि प्रवास

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून भंडारदरा रस्त्याने बारी. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत. काही ग्रुप मुंबईकरांना मध्यरात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने बोलावतात आणि कसाऱ्याहून जीप करतात. त्या रात्री झोप होत नाही हे धरूनच चाला आणि त्याच्या आदल्या रात्री नीट, सलग झोपा. दोन रात्री ओळीने जागरण घेऊन डोंगर चढायचा नाही.

संध्याकाळी हलकं जेवा. गाडी लागत असेल तर त्याची गोळी घाटाच्या आधी. दारू पिऊन येणाऱ्याला गाडीतच ठेवणारा लीडर मला योग्य वाटतो.

बारीत पोचलात की चहा-पोहे आणि प्रातर्विधी उरकून घ्या. ज्यांच्या घरी नाष्टा असतो त्यांना विचारलं की ते न्हाणीघर दाखवतात. पुढे वाटेवर आडोसा कमी आणि माणसं फार. मग ओळख होईल, लीडर सूचना देईल. त्या वेळी फोन खिशात ठेवून ऐका. शेवटचा लीडर कोण आहे त्याचा चेहरा लक्षात ठेवा आणि आपल्या पुढचा-मागचा माणूस ओळखून घ्या.

चढ

गावातून बाहेर पडलं की भातखाचरं, ओढा आणि पायथ्याचं छोटं मंदिर लागतं. इथे सगळे तरातरा निघतात आणि पहिल्याच चढावर धापा टाकत उभे राहतात. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य तुटू लागलं की वेग कमी. पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवून, उंच पायरीपेक्षा शेजारचा बारका टप्पा शोधत. थांबायचं ते दोन-तीन मिनिटं, उभ्यानेच. दहा मिनिटं बसलात की अंग थंड होतं आणि पुन्हा सुरुवातीपासून दम लागतो.

ग्रुपचा वेग सगळ्यांत मागच्या माणसाचा असतो. पुढे गेलेल्यांनी ठरलेल्या जागी थांबायचं आणि मागचे पोचल्याबरोबर 'चला' म्हणून निघायचं नाही. त्यांनाही विसावा हवा असतो. तुम्हीच मागे असाल तर ओशाळून पळू नका. तुमच्या मागे एक माणूस त्यासाठीच ठेवलेला आहे.

वाटेत माकडं भेटतात. हातात खाऊची पिशवी मिरवू नका आणि त्यांना खायलाही घालू नका. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर आवाज बंद, धूर नाही, दगड तर अजिबातच नाही. अत्तर, बॉडी स्प्रे त्या दिवशी लावूच नये.

शिड्या

पूर्वी इथे कातळातल्या खोबण्या आणि साखळ्या धरून चढावं लागे. आता लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत, आणि म्हणूनच इथे लोक बेफिकीर होतात. शिडी मजबूत आहे. तिच्यावरचा माणूस घाईत असतो, ही अडचण.

चढताना तोंड शिडीकडे. दोन हात आणि दोन पाय यातले तीन कायम लोखंडाला टेकलेले, एका वेळी एकच हलवायचा. पायरीवर बुटाचा मधला भाग टेकवा, नुसती टाच किंवा चवडा नको. पुढच्या माणसाचा बूट तुमच्या डोक्याच्या बराच वर असू द्या. तो घसरला किंवा त्याची बाटली निसटली तर तुम्ही खाली नसावं. फोन, गॉगल, टोपी सॅकमध्ये. शिडीच्या मधोमध थांबून फोटो नाही. तुमच्यामागे जे लटकून उभे आहेत त्यांचे हात भरून येतात.

पहाटे हे गज गार असतात आणि दुपारी चटका देतात, त्यामुळे रबरी पकड असलेले पातळ हातमोजे उपयोगी पडतात. लोकरीचे नकोत, ते सुटतात.

उंचीची भीती वाटत असेल तर ती शिडीच्या खाली असतानाच लीडरला सांगा. तो एक पायरी मागे राहून तुमच्या पावलांकडे बघत येतो. खाली बघायचं नाही हे सगळे सांगतात. त्याबरोबर वर किती उरलंय तेही बघू नका. डोळ्यांसमोरची पायरी, हाताचा गज, बस.

शेवटच्या शिडीच्या आधी विहीर आणि थोडी मोकळी जागा आहे. तिथे पाच मिनिटं थांबा, खा, घड्याळ बघा. ठरलेली वळायची वेळ झाली असेल तर इथेच निर्णय घ्यायचा, माथा दिसतोय म्हणून नियम मोडायचा नाही.

माथा

माथ्यावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आहे. आत मोजकीच माणसं मावतात, बूट बाहेर काढून रांगेने जायचं. आरडाओरडा, स्पीकर इथे शोभत नाही. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन गड ओळीने उभे दिसतात. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, ज्याचं धरण १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर बांधलं गेलं, त्याच्या मागे रतनगड आणि दूर हरिश्चंद्रगड. हे ओळखायला लीडरला मदत मागा, यासाठी अर्धा तास जरूर द्या. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

पोचल्याबरोबर विंडचीटर चढवा, घामेजल्या अंगाला वारा लागून हुडहुडी भरते. कड्याच्या टोकाला पाय सोडून बसू नका. आणि निघण्याआधी ते एक काम करा जे जवळजवळ कुणी करत नाही: बसून बुटाच्या नाड्या पूर्ण सोडा आणि पुन्हा बांधा. टाच मागे ठोकून बसवा, बोटांकडची नाडी सैल ठेवा, घोट्याजवळची घट्ट ओढा. वरच्या शेवटच्या दोन भोकांतून नाडी त्याच बाजूला ओवून छोटं कडं करा, त्या कड्यांतून समोरची नाडी घेऊन मग गाठ मारा. टाच जागची हलत नाही, पाय पुढे सरकत नाही, नखं वाचतात. फोड येईलसं वाटत असेल तिथे आत्ताच चिकटपट्टी लावा, मोजे ओले असतील तर बदला, आणि राखून ठेवलेली बाटली बाहेरच्या कप्प्यात काढा.

उतरण

शिडी उतरतानाही तोंड शिडीकडेच. बरेच लोक जिना उतरावा तसे पुढे तोंड करून उतरतात आणि एखादी टाच निसटली की पाठीवर आपटतात. वळा, गज धरा, खालची पायरी पायाने चाचपून मगच भार टाका. वर येणारे असतील तर वरच थांबून त्यांना येऊ द्या, अधल्यामधल्या जागी एकमेकांना ओलांडू नका.

जमिनीवर आलात की गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, शरीर थोडं पुढे. भीतीने मागे झुकलात की पाय पुढे निघून जातो. मुरमाड घसाऱ्यावर तिरकं, पूर्ण तळवा टेकवून चाला आणि गवत धरू नका, ते हातात येतं. पळणाऱ्यांच्या नादी लागू नका. काठी चढापेक्षा थोडी लांब करा आणि पावलाच्या आधी टेकवा. पाऊण तासाने एकदा बसून मांड्या ताणा. पाणी, गुळाचा खडा. बहुतेक पाय मुरगळतात ते शेवटच्या टप्प्यात, गाव दिसू लागल्यावर, गप्पा रंगल्यावर. तिथेच जास्त बघून चाला.

काही बिघडलंच तर

पाय मुरगळला तर बूट लगेच काढू नका, सूज आली की तो परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज बांधून, भार न देता, मदतीने उतरवतात. उन्हाने गरगरलं, मळमळलं तर सावली, ओला रुमाल, सावकाश मीठ-साखरेचं पाणी. माणूस बरळू लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात, तिथे वेळ घालवायचा नाही, अंगावर पाणी ओतत वारा घालायचा आणि खाली हलवायची सोय लावायची. साप चावला तर पट्टी आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही नाही. अवयव हलू न देता लवकरात लवकर दवाखाना. घोटी किंवा राजूर गाठावं लागतं, त्यासाठी गाडी पायथ्याशीच हवी.

आपत्कालीन मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. डोंगरातल्या बचावासाठी राज्यातल्या गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये घालून ठेवा. फोन लावणाऱ्याने जागा, किती जण, काय झालंय आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, एवढं आधी सांगावं. बारीतले तरुण ही वाट झोपेतही चालतील, त्यांना हाक मारायला संकोच करू नका आणि त्यांच्या कष्टाचे पैसे ग्रुपने मनापासून द्यावेत.

बारीत परतल्यावर

बूट काढा, पाय धुवा, चपला घाला. पिठलं-भाकरी किंवा जे असेल ते जेवा, पण गाडीत बसण्याआधी पाच मिनिटं मांड्या, पोटऱ्या ताणून घ्या, नाहीतर घोटीला उतरतानाच पाय आखडतात. सगळे मोजून झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नका, आणि ड्रायव्हरशेजारी एकाने आळीपाळीने जागं राहायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सगळ्यांत जास्त दुखतात, जिना उतरवत नाही. हे अपेक्षित आहे. हलकं चालत राहा, गरम पाण्याने शेका. सांध्यावर सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा आठवड्यानंतरही दुखणं कमी होत नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बुटात कागदाचे बोळे घालून ते सावलीत वाळवा, उन्हात नको.